आधी बाहेर किंमत काढ

मंडळाच्या पिकनिकला कणसे भाजायचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. यंदा धुराने डोळे चोळत उभा असताना आपल्या संपादकबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी तरी काही लिहून देणार ना?" मी म्हटले, "देतो. बास्केटबॉलवर." त्यांनी एकवार माझ्या पोटाच्या घेराकडे पाहिले आणि शक्य तितक्या सभ्यपणे विचारले, "अलास्काचं प्रवासवर्णन नाही का जमणार?"

नाही जमणार. आपल्यापैकी निम्म्या मंडळींनी अलास्का पाहिला आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांचे फोटो पाहिले आहेत. तेव्हा लेख बास्केटबॉलवरच. पण घाबरू नका, खेळाबद्दल मी फारसे बोलणार नाही. मला सांगायचे आहे ते त्यातल्या एका नियमाबद्दल.

१९९४ साली मी न्यू जर्सीत आलो तेव्हा उंच माणसे चेंडू जाळीत टाकतात, एवढेच ज्ञान मला होते. आई इथे आली होती तेव्हा शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवरची ती बिनबुडाची जाळी पाहून म्हणाली होती, "अगं बाई, फाटकीच की रे ही!" पुढे मुलगा शाळेत जायला लागला, आमच्याही ड्राइव्हवेवर फाटकी जाळी लागली आणि जो काही खेळ मला समजला तो मुलाने समजावून दिला. एकच गोष्ट मी त्याला समजावून दिली, ती म्हणजे 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' हे काय प्रकरण असते. आणि ती समजावताना शिकवणी झाली ती माझीच.

गोष्ट २०१२ सालची. त्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला जेरेमी लिनचे वेड लागले होते ते आठवत असेल. तैवानहून आलेल्या आईबापांचा मुलगा, हार्वर्डमध्ये शिकलेला, २०१० च्या ड्राफ्टमध्ये कोणी न निवडलेला. डिसेंबर २०११ मध्ये पंधरा दिवसांत दोन संघांनी, आधी गोल्डन स्टेटने आणि मग ह्यूस्टनने, त्याला नारळ दिला. न्यूयॉर्कच्या निक्सनी अडीअडचणीला असावा म्हणून ठेवून घेतला. आणि ४ फेब्रुवारीला आमच्याच न्यू जर्सी नेट्सविरुद्ध त्याने २५ गुण केले! १० तारखेला लेकर्सविरुद्ध ३८. १४ तारखेला टोरांटोत शेवटच्या क्षणी लांबून चेंडू टाकून सामना जिंकून दिला. आमचे चिरंजीव तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्याच्या वर्गात एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी त्याला "तू पण खेळतोस का?" असे विचारले. आईबाप दुसऱ्या देशातून आलेले, अभ्यासात बरा, उंची बेताची, अशा मुलाला त्या फेब्रुवारीत काय वाटले असेल ते मी सांगायला नको. आपल्या सगळ्यांच्या घरात असा एकेक आहे.

जून संपला आणि लिनचा करार संपला. मुलगा एके दिवशी घाबऱ्याघुबऱ्या आला. "बाबा, तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट आहे. म्हणजे फ्री आहे की नाही?"

मी बसून नियम वाचला. मंडळी, आपल्यातले जे ग्रीन कार्डाची वाट पाहत एकाच कंपनीत सात-सात वर्षे राहिले, त्यांना हा नियम चटकन कळेल. दावे सोडलेले असते, पण गोठ्याचे दार मालकाच्या हातात असते.

पूर्वी या देशात खेळाडू एकदा संघाचा झाला की संघ सोडील तेव्हाच सुटायचा. ऑस्कर रॉबर्टसन या मोठ्या खेळाडूने १९७० साली इतरांना बरोबर घेऊन कोर्टात दावा लावला, तो १९७६ साली मिटला. त्यातून दार हळूहळू उघडत गेले. आधी संघाला भरपाई, मग संघाला 'पहिला हक्क', आणि १९८८ पासून काही खेळाडू पूर्ण मोकळे. पण तरुण खेळाडूंच्या बाबतीत हा पहिला हक्क अजून शिल्लक आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा पहिला करार पुरा झाला, किंवा इतर कोणाची नोकरी तीन वर्षांच्या आतलीच असली, की जुना संघ जूनअखेर त्याला एका वर्षाची 'क्वालिफाइंग ऑफर' देतो. ती दिली की हक्क राहतो, न दिली तर खेळाडू मोकळा.

मग खेळाडूने बाहेर फिरायचे. दुसऱ्या एखाद्या संघाला तो हवा असेल तर त्यांनी 'ऑफर शीट' लिहून द्यायची, निदान दोन वर्षांची. खेळाडूने तिच्यावर सही केली की ती जुन्या संघाकडे जाते आणि घड्याळ सुरू होते. ठरलेल्या मुदतीत जुन्या संघाने "आम्ही तेवढेच देतो" असे कळवले की झाले! खेळाडू जिथे होता तिथेच, फक्त दुसऱ्याने ठरवलेल्या पगारावर. मुदत टळली किंवा जुन्या संघाने नको म्हटले तर तो नव्या घरी.

यातली मुदत मोठी गमतीची आहे. एके काळी ती पंधरा दिवसांची होती. २००५ च्या करारात सात, २०११ मध्ये तीन, २०१७ मध्ये दोन, आणि २०२३ च्या करारात त्याहूनही आखडली. कारण व्यवहारी आहे. जो संघ ऑफर देतो त्याचे तेवढे पैसे पगाराच्या मर्यादेत अडकून पडतात, विसार दिल्यासारखे. पंधरा दिवस पैसे अडकवून शेवटी उत्तर "आम्हीच ठेवतो" असे यायचे, तोवर बाजारातले बाकीचे चांगले खेळाडू उठलेले. म्हणून बरेच संघ या फंदातच पडत नाहीत. हक्क वापरावाही लागत नाही, नुसता असला तरी गिऱ्हाइके परस्पर परत जातात.

मुलाला हे सांगताना सोपे उदाहरण हवे होते. मी म्हटले, "आपल्या साताऱ्याच्या घरासारखं. घर आजोबांचं, आता दादाकाकाचं आणि माझं. दादाकाकाला त्याचा अर्धा भाग विकायचा असला तर पहिला हक्क माझा." हे मी उगाच म्हणत नव्हतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात, १९५६ च्या, बाविसावे कलम आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि मुलांपैकी एकाला आपला हिस्सा काढायचा झाला, तर तो विकत घेण्याचा प्राधान्याचा हक्क दुसऱ्या वारसाला असतो. अण्णा २००९ साली गेले ते मृत्युपत्र न करताच.

उदाहरण मला इतके पटकन सुचले, कारण ते घर तेव्हा डोक्यात होतेच. त्या वर्षी एप्रिलमध्ये दादाचा फोन आला होता. शाळेतून निवृत्त झाला होता, वहिनीचे गुडघे दुखत होते आणि पुतणी पुण्यात. "घर आता झेपत नाही रे. माझा हिस्सा तू घेतोस का?" त्याने विचारले. मी आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत, त्यामुळे मी जे उत्तर दिले ते मला फार न्याय्य वाटले होते. मी म्हटले, "दादा, आधी बाहेर किंमत काढ. कोण काय देतं ते कळू दे. तेवढेच मी देईन, एक पैसा कमी नाही." दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं." मला वाटले लाइन खराब आहे.

इकडे जुलैत ह्यूस्टनने, होय, ज्यांनी सात महिन्यांपूर्वी नारळ दिला त्यांनीच, लिनला ऑफर शीट दिली. तीन वर्षांचे सुमारे २ कोटी ५१ लाख डॉलर. आकडा मोठा होताच, पण खरी मेख त्याच्या वाटणीत होती. पहिल्या वर्षी ५० लाख, दुसऱ्या वर्षी ५२ लाख २५ हजार आणि तिसऱ्या वर्षी एकदम जवळजवळ १ कोटी ४९ लाख!

ही उडी कुठून आली? २००३ साली गिल्बर्ट अरीनास नावाचा दुसऱ्या फेरीतला पोरगा इतका चमकला, की वॉशिंग्टनने त्याला भला मोठा करार दिला आणि गोल्डन स्टेटकडे, पहिला हक्क असूनही, तेवढे द्यायला पगाराच्या मर्यादेत जागाच नव्हती. हक्क होता, ऐपत नव्हती. म्हणून २००५ मध्ये नियम झाला, की एक-दोन वर्षेच खेळलेल्या पोराला पहिल्या वर्षी एका मर्यादेपलीकडे देऊ करायचे नाही, म्हणजे जुन्या संघाला बरोबरी करता येईल. दुसऱ्या वर्षी थोडी वाढ. मात्र तिसऱ्या वर्षी उडी मारायला मोकळीक ठेवली. ह्यूस्टनने नेमकी तीच फट गाठली. त्यांच्याकडे जागा होती म्हणून त्यांच्या खात्यात तिन्ही वर्षांची सरासरी धरली जायची, दर वर्षी ८४ लाखांच्या आसपास. न्यूयॉर्कने बरोबरी केली तर त्यांच्या खात्यात मात्र खरे आकडे पडणार. आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्या डोक्यावर आधीच मोठमोठे करार, वर लक्झरी टॅक्स. तो धरून त्या एका वर्षाचा खर्च दुपटीहूनही पुढे जाईल असे अंदाज वर्तमानपत्रे छापत होती. तोच डाव ह्यूस्टनने त्याच उन्हाळ्यात शिकागोच्या ओमर आशिकवर टाकला, जवळजवळ त्याच आकड्यांनी.

थोडक्यात, ऑफर अशी लिहायची की देणाऱ्याला गोड आणि बरोबरी करणाऱ्याला कडू. किंमत एकच, पण दोघांना ती सारखी पडत नाही.

न्यूयॉर्कला १७ जुलैच्या, मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत होती. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी साताऱ्याहून फोन आला. "एका बिल्डरची ऑफर आलीय," दादा म्हणाला. आकडा सांगितला. मी खुर्चीत बसलो. आकड्यापेक्षा अट अवघड होती. अर्धे पैसे महिन्याच्या आत, रोख चेकने, आणि बाकीच्याच्या बदल्यात नव्या इमारतीत फ्लॅट. बिल्डरला फ्लॅट देणे म्हणजे काय, तो बांधणारच होता. मी मात्र तेवढे सगळे डॉलर मोजून द्यायचे. इथे घराचा हप्ता, मुलीचे कॉलेज दोन वर्षांवर. "तू बघ. बुधवारपर्यंत सांग," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

ते तीन दिवस आमच्या घरात दोन मुदती चालू होत्या. मी बेसमेंटमध्ये कागद घेऊन आकडेमोड करत होतो आणि मुलगा वर टीव्हीसमोर. निक्सनी त्याच आठवड्यात पोर्टलंडहून रेमंड फेल्टन हा त्याच जागेवर खेळणारा दुसरा खेळाडू आणला, तेव्हाच जाणत्यांना कळले होते. मंगळवारी रात्री बातमी आली, न्यूयॉर्क बरोबरी करणार नाही. लिन ह्यूस्टनला गेला.

मुलगा रडला नाही. जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. मी त्याला समजवायला लागलो, की बाबा रे, तिसऱ्या वर्षाचा आकडाच असा होता, कोणालाही परवडला नसता, यात कोणाची चूक नाही. त्याने मान वर करून विचारले, "पण बाबा, तो तर त्यांचाच होता ना? मग त्यांनी आधीच का नाही दिलं? व्हाय डिड दे सेंड हिम आउटसाइड?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण प्रश्न बरोबर होता. जुन्या संघाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. ऑफर शीट यायच्या आधी तो खेळाडूशी सरळ बोलून करार करू शकतो, आणि त्यात तिसऱ्या वर्षाची ती उडी घालायची सक्ती कोणी करत नाही. पण हातात पहिला हक्क असला की माणूस आळशी होतो. आपण कशाला बोला? बाहेरचा कोणीतरी बोलेल, मग आपण तेवढेच म्हणू. कमी पडायची भीती नाही, जास्त जायची भीती नाही. यात फक्त एक गोष्ट विसरली जाते. मधल्या काळात तो माणूस लोकांच्या दारोदार स्वतःची किंमत विचारत फिरत असतो, आणि ती तुमच्याच सांगण्यावरून. लिनने पुढे सांगितले, की त्याला न्यूयॉर्कलाच राहायला आवडले असते.

त्या रात्री मी वर गेलो नाही. साताऱ्यात सकाळ झाली होती. फोन लावला आणि म्हटले, "दादा, बिल्डरएवढे मला नाही जमणार. पण माझा आकडा ऐक." आणि मी सांगितला. तो बिल्डरपेक्षा बराच कमी होता, पण माझ्या ऐपतीतला खरा होता.

दादा हसला. "अरे, एप्रिलमध्ये हाच आकडा बोलला असतास तर मी कोणाच्या दारात गेलोच नसतो." मग थोडे थांबून म्हणाला, "पैशाचं नव्हतं रे. आईचं, अण्णांचं घर. त्याला तू किती म्हणतोस ते मला ऐकायचं होतं. तू म्हणालास, बाजार सांगेल ते."

मी विचारले, आता? तो म्हणाला, "आता वहिनीने फ्लॅट बघितला. तळमजला आहे, लिफ्टसुद्धा. तिचे गुडघे बघ ना." पुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हते. अर्धे घर ठेवून मी तरी काय करणार होतो? माझाही हिस्सा बिल्डरलाच गेला. आता तिथे पाच मजली इमारत आहे. तिला नाव आमच्या आजोबांचे द्यायचे असे बिल्डर म्हणाला होता. दिले नाही.

लिनचे पुढे काय झाले तेही सांगतो. ह्यूस्टनला तो दोनच वर्षे राहिला. ते तिसरे महागडे वर्ष आले तेव्हा, २०१४ च्या उन्हाळ्यात, ह्यूस्टनने त्याला ड्राफ्टची एक निवड वर घालून लेकर्सकडे धाडला. आशिकलाही त्याच उन्हाळ्यात न्यू ऑर्लीन्सला. जो आकडा दाखवून न्यूयॉर्कला घाबरवले, त्याच्या वर्षी ह्यूस्टनकडे दोघेही नव्हते. २०१९ मध्ये टोरांटोच्या विजेत्या संघात लिन होता. मुलाने त्या रात्री हॉस्टेलवरून फोन केला होता.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही बापलेक या बातम्या वाचतो. काही वेळा बरोबरी होते पण मन लागत नाही. २०१६ साली ब्रुकलिनने ॲलन क्रॅबला चार वर्षांचे साडेसात कोटी डॉलर देऊ केले, पोर्टलंडने तेवढे देऊन त्याला ठेवला आणि वर्षभराने ब्रुकलिनलाच देऊन टाकला. बरोबरी केल्यावर ऑफर देणाऱ्या संघाकडे खेळाडू एक वर्षभर पाठवता येत नाही, तेवढे वर्ष काढले आणि दिला. काही खेळाडू कोणाचीच ऑफर घेत नाहीत. ग्रेग मनरो २०१४ मध्ये डेट्रॉइटमध्येच एका वर्षाच्या ऑफरवर खेळला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा होऊन मिलवॉकीला गेला.

पण मला आवडते ते २०२२ सालचे प्रकरण. फीनिक्सच्या डिआंड्रे एटनला संघाने आधल्या वर्षी हवा तो करार दिला नाही. तो बाहेर फिरला, इंडियानाने १३ कोटी ३० लाखांची शीट दिली, आणि फीनिक्सने काही मिनिटांत बरोबरी केली. मिनिटांत! २०२३ मध्ये तो पोर्टलंडला गेला.

योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात मुलाच्या पहिल्या नोकरीत तसेच घडले. वर्षभर पगारवाढ मागत होता, "पुढच्या तिमाहीत बघू" हे उत्तर ठरलेले. दुसरीकडची ऑफर घेऊन गेला तेव्हा जेवणाच्या सुट्टीच्या आत तेवढाच आकडा टेबलावर. बायको म्हणाली, "चांगलं आहे की! राहा तिथेच." मुलगा म्हणाला, "आई, त्यांनी अर्ध्या तासात दिले. म्हणजे पैसे होतेच." आणि नोकरी सोडली. मी काही बोललो नाही. मला दादाच्या फोनवरची ती खराब लाइन आठवली.

परवा दादाचा फोन आला. घर सोडताना आईचा तांब्याचा बंब त्याने फ्लॅटवर नेला होता. आता तो आणि वहिनी पुण्याला पुतणीकडे जायचे म्हणतात, तिथे बंबाला जागा कुठली? "एक जुन्या वस्तू घेणारा येणार आहे गुरुवारी," दादा म्हणाला. "बघू काय देतो."

मी म्हटले, "तो यायच्या आधी माझा आकडा ऐक." आणि सांगितला.

"फार होतोय रे," दादा म्हणाला.

"होऊ दे."

बंब बोटीने यायला दोन महिने लागतील म्हणतात. तो बेसमेंटमध्ये कुठे ठेवायचा यावरून घरात सध्या वाटाघाटी चालू आहेत.